भाऊजींचा गुलाबी किडा

किडे ओळखावेत तर आमच्या भाऊजींनीच! ताईचे मिस्टर. शिक्षण प्राणिशास्त्रात एम.एस्सी., नोकरी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात. शास्त्राचं नुकसान झालं, दुसरं काय!

नव्वदच्या आसपासची दिवाळी. दोघं आमच्याकडे बदलापूरला, बेलवलीत आलेले. फराळ चालू असताना भिंतीवरून एक गुलाबी गोळा चालत निघाला. त्याला ना डोकं दिसत होतं, ना पाय.

"कोणी हलू नका!" भाऊजी ओरडले. "ही नवीन जात आहे. अजून कुणीच नोंदवलेली नाही."

"मग तुमचं नाव देतील का हो तिला?" ताईने विचारलं.

"द्यावंच लागेल."

झालं! ताई समोरच्या दोन घरांत सांगूनसुद्धा आली. शेजारी चपला बाहेर काढून, देवदर्शनाला आल्यासारखे भिंतीपुढे उभे राहिले.

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. तिने झाडूची काडी घेऊन गोळा खरवडला. गुलाबी भुकटी खाली पडली आणि ढेकणाचा थोरला भाऊ शोभेल असा तपकिरी किडा उरला.

"अंगाला धूळ चिकटवून फिरतो हा. कपाटामागे नेहमी असतो," ती म्हणाली. "आज माझ्या रांगोळीत लोळलाय."

सगळे भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजींनी भुकटी चिमटीत धरली, चोळली, तिचा वास घेतला.

"वहिनी, ही रांगोळी कुठून आणलीत?"

"उल्हासनगरहून."

"तरीच!" भाऊजी शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले. "डुप्लिकेट माल. किडा बिचारा फसला."