चांगल्या छपराचं प्रसूतिगृह

(ग्वातेमालाच्या उत्तरेच्या डोंगरातलं चिशुम गाव, इशिल लोकांचं. सैन्य आणि बंडखोरांमधली लढाई संपल्याच्या कागदावर सह्या होऊन तीन वर्षं झाली आहेत. नव्या प्रसूतिगृहाची कचेरी. खाटा सहा, रिकाम्या सहा. डॉक्टर ओवाये, नर्स हासिंता आणि थोरली सुईण फेलिसियाना; वडीलधारी म्हणून सगळे तिला ‘नान’ म्हणतात.)

डॉक्टर: …तरीही बसा तर खरं, नान फेलिसियाना. खुर्ची सरकारी आहे, पण चावत नाही.

फेलिसियाना: उभी बरी आहे मी. दाराजवळ वारा लागतो.

डॉक्टर: बरं. तर मुद्दा असा, की चौदा महिन्यांत इथे एकही बाळंतपण झालेलं नाही. गुरुवारी राजधानीहून समिती येतेय. त्यांनी आकडा विचारला तर मी काय सांगू?

हासिंता: एक झालं होतं, डॉक्टर.

डॉक्टर: हासिंता, ती मांजर होती.

हासिंता: चादरींच्या कपाटात. चार पिल्लं. आई सुखरूप.

फेलिसियाना: मांजरीला कुणी सांगितलं नसेल.

डॉक्टर: काय सांगितलं नसेल?

फेलिसियाना: काही नाही. तुमचं चालू द्या.

डॉक्टर: समितीचं समाधान झालं नाही तर हे बंद होणार. खाटा, रक्त थांबवायची इंजेक्शनं, अँब्युलन्स, मी, सगळं खाली खोऱ्यात जाणार. मग वरच्या वस्त्यांमधल्या बाईला रक्त सुटलं तर इस्पितळ चार तासांवर. तुम्ही एकोणीस सुइणी आहात. बायका तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात तर येतील, आणि तुम्ही म्हणत नाही. मला कारण हवंय. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी अहवालात लिहिलं होतं, ‘सांस्कृतिक कारणे’.

फेलिसियाना: म्हणजे काय?

हासिंता: म्हणजे आपण, नान.

डॉक्टर: त्यावर उपाय म्हणून तुमची प्रशिक्षणं झाली.

फेलिसियाना: अकरा. अकराही वेळा मला हात धुवायला शिकवलं. चारशे मुलं आली असतील या हातांवर, पण दर वेळी नव्याने शिकले. शेवटी साबणाची वडी आणि एक पिशवी देतात. पिशव्या चांगल्या असतात. मी मका भरून ठेवते.

डॉक्टर: मी आल्यावर तर बरंच बदललं ना? लोखंडी टेबलावर आडवं झोपवतात अशी तक्रार होती, ते टेबल काढलं. धरायला तुळईला दोर बांधला, गुडघ्यांवर बसायला चटई आणली. सासू आत येऊ शकते, नवरा येऊ शकतो, तुम्ही येऊ शकता. बाळंतिणीला वाफेने शेकायची तुमची ती दगडी खोली, तीसुद्धा मागच्या अंगणात बांधून घेतली. कागदोपत्री ती चादरींची कोठी आहे.

फेलिसियाना: पाहिली. दार पूर्वेला करायला हवं होतं. पण चांगली बांधलीय.

डॉक्टर: मग अडतंय कुठे?

फेलिसियाना: डॉक्टर, ही इमारत तुम्हाला कुणी दिली?

डॉक्टर: खात्याने. आख्ख्या गावात सगळ्यात चांगलं छप्पर हेच. वर स्लॅब, पाण्याची टाकी, वीज, पक्का रस्ता थेट फाटकापर्यंत. कागदावर लिहिलंय, ‘जुनी सरकारी वास्तू, स्थिती उत्तम’.

फेलिसियाना: उत्तम असणारच. सिमेंट आमच्याच पुरुषांच्या पाठीवरून वर आलं होतं.

डॉक्टर: इथे सैन्याची छावणी होती, हे माहीत आहे मला. पण आता रंग दिलाय. गुलाबी.

हासिंता: दोन हात.

फेलिसियाना: बाळंतपणाची खोली कुठली केलीत?

डॉक्टर: डावीकडची शेवटची. खिडकी लहान आहे, त्यामुळे ऊब टिकते.

फेलिसियाना: खिडकी इतकी लहान का ठेवली असेल, विचारलंत कधी?

डॉक्टर: …हासिंता?

हासिंता: बायकांना ठेवायचे त्या खोलीत, डॉक्टर. ब्याऐंशी साली.

डॉक्टर: पाच महिने तू माझ्याबरोबर काम करतेयस.

हासिंता: तुम्ही विचारलं होतं, बायका का येत नाहीत. मी म्हटलं, चढ फार आहे. फॉर्मवर चढाला चौकोन होता.

डॉक्टर: आणि या खोलीला नव्हता.

हासिंता: नव्हता.

फेलिसियाना: पोरीला बोलू नका. तिला नोकरी टिकवायचीय, आणि तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी सांगते. मी त्या खोलीत नऊ दिवस होते. माझी धाकटी बहीण काता पण होती. दहाव्या दिवशी शिपायांना भाकऱ्या थापायला बाई हवी होती, म्हणून मला बाहेर काढलं. तिला नाही काढलं. आत काय चालायचं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही डॉक्टर आहात. कुणी ओरडलं की बाहेर रेडिओ मोठा करायचे. आता तुम्ही म्हणता, बायांनो या, त्याच खोलीत येऊन ओरडा, आता चटई टाकलीय.

डॉक्टर: …मी जरा बसतो.

फेलिसियाना: बसा.

हासिंता: पाणी आणू, डॉक्टर?

डॉक्टर: नको. नान, मला खरंच…

फेलिसियाना: ते राहू द्या. मी रडायला आले नाही. सतरा वर्षांनी या दारातून आत आले ती कामासाठी. काताची मुलगी एलेना, मी वाढवली तिला. तिला आठवा सरत आलाय. पहिल्या वेळी माझ्याच हातावर बाळंत झाली आणि रक्त थांबेना. मूल गेलं. ती कशी राहिली ते मला आजही कळलेलं नाही. मला येत होतं ते सगळं केलं मी. हात धुतलेले होते, डॉक्टर.

डॉक्टर: या वेळी तिला घरी ठेवू नका. ज्यांचं एकदा असं होतं त्यांचं पुन्हा होऊ शकतं. इंजेक्शन हाताशी हवं, गाडी दारात हवी.

फेलिसियाना: तेच म्हणतेय मी. तुमचं इंजेक्शन मला हवंय, छप्पर नको.

डॉक्टर: मंजुरी इमारतीला आहे, नान. ती हलवणं माझ्या हातात नाही.

फेलिसियाना: इंजेक्शन आहे तुमच्या हातात?

डॉक्टर: ते आहे.

फेलिसियाना: आणि खाटा?

हासिंता: त्यांना चाकं आहेत. फरशी पुसताना मी एकटी हलवते.

डॉक्टर: हासिंता.

हासिंता: आपलं माहिती म्हणून सांगितलं.

फेलिसियाना: देवळाच्या वरच्या अंगाला आमची विणायची खोली आहे. आम्ही विधवांनी बांधलेली. माग काय, कमरेला बांधायचे. खुंटीवर टांगले की जागा झाली. चार खाटा बसतील.

डॉक्टर: भिंती धुता आल्या पाहिजेत असा नियम आहे.

फेलिसियाना: चुना लावू. काळ्या पडल्या की परत लावू.

डॉक्टर: वाहतं पाणी?

फेलिसियाना: नळ दाराशी आहे. दारातून आत आणायचं काम तुमच्या खात्याकडे.

डॉक्टर: गाडी तिथवर चढणार नाही.

फेलिसियाना: देवळापर्यंत चढते. पुढे पन्नास पावलं. स्ट्रेचर आहे ना तुमचं?

हासिंता: आहे. सध्या त्याच्यावर कपडे वाळतात.

डॉक्टर: ठीक आहे. मग माझ्याही अटी ऐका. कळा वाढाव्यात म्हणून पाजता तो काढा बंद. रक्त जास्त वाटलं की लगेच मला हाक. आणि गाडीत घालायचं की नाही ते मी ठरवणार, सासू नाही.

फेलिसियाना: काढा मी बंद केला. बाकी अठराजणींचा करवते. सासूचं तेवढं माझ्यावर सोडा. तिला विचारायचं, अगदी मान देऊन विचारायचं, पण गाडी चालू ठेवून.

डॉक्टर: चालेल.

फेलिसियाना: आणखी एक. पाळणा लांबवायच्या इंजेक्शनाला आणि गर्भपिशवीच्या तपासणीला नवऱ्याची सही मागता.

डॉक्टर: तसा फॉर्म आहे.

फेलिसियाना: आम्ही एकतीस विधवा आहोत. तपासून घ्यायला सगळ्याजणी तयार आहेत. पण अर्ध्यांचे नवरे कुठल्या खड्ड्यात आहेत ते सरकारने अजून सांगितलेलं नाही. सांगा, सह्या घेऊन येतो.

डॉक्टर: तो रकाना आजपासून मी मोकळा सोडतो.

फेलिसियाना: मोकळा कशाला? बाईची सही घ्या. पोट तिचं आहे. सही येत नसेल तर अंगठा.

डॉक्टर: घेतो. हासिंता, फॉर्म नवे टाइप करावे लागतील.

हासिंता: ‘नवऱ्याची’वर फुली मारली तरी चालेल, डॉक्टर. जुने दोन हजार पडलेत.

डॉक्टर: आणि गुरुवारी समिती आली की मी काय दाखवू? बाळंतपणं शून्य, शिवाय खाटाही गायब?

फेलिसियाना: त्यांना वर आणा. आम्ही एकोणीसजणी तिथे असू. जेवू घालू, मग बोलू. खोलीचं मी सांगेन. आजवर कुठल्या साहेबाला सांगितलं नाही, त्यांना एकदा सांगेन. पुन्हा सांगणार नाही, तेव्हा लिहून घ्यायला माणूस आणा म्हणावं.

डॉक्टर: माझी बदली करतील बहुतेक.

फेलिसियाना: करतील. गुरुवारच्या आत तर नाही ना?

डॉक्टर: गुरुवारच्या आत खातं कधी काही करत नाही.

फेलिसियाना: मग वेळ आहे. चुना आज भिजत घालते.

डॉक्टर: एलेनाला उद्या घेऊन या. इथे नाही, वर. मी सकाळीच येतो.

फेलिसियाना: आणलीय. रस्त्यापलीकडे बसलीय सकाळपासून. माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली, मग पाय उचलेना तिचा. मीही ओढलं नाही.

डॉक्टर: हासिंता, बीपीचं मशीन घे. आणि मला बसायला ते स्टूल.

फेलिसियाना: स्टूल राहू द्या, डॉक्टर. ती जमिनीवर बसलीय.