दिवा विझलेलं तळघर

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर मनाशी द्या. ज्या दारातून आत जायची आपल्याला भीती वाटते, त्या दारावर आपण ‘देवाची मर्जी’ अशी पाटी लावतो का? लगेच मान हलवू नका. आख्यान ऐका, मग हलवा.

ग्रीस देशातलं एक बेट. उतारावर द्राक्षमळे. तुम्ही दिंडोरीकडची माणसं, तोडणीच्या दिवसांत जीव कसा टांगणीला लागतो ते मी तुम्हाला काय सांगू! त्या गावाचा देव म्हणजे द्राक्षारसाचा देव, दियोनीस. आणि त्याच गावात प्रभूचा एक सेवक होता. त्याचंही नाव दियोनीस. इतिहासात या नावाचे संत पुष्कळ आहेत, हा त्यांतला नव्हे. हा आपल्या आख्यानातला. आईनं त्या देवाला नवस करून मुलगा मागितला, नावही त्याचंच ठेवलं. पुढे मुलगा ख्रिस्ती झाला, गावच्या चर्चचा पाळक झाला. लोक म्हणाले, आता नाव तरी बदला. तो म्हणाला, “आई याच नावानं हाक मारायची. राहू द्या.” हसताय काय? आपल्या ख्रिस्ती मंडळीतही विठ्ठलराव आहेत. ते काय, खांबाशी बसलेत.

तर गावाची एक रीत होती. रस तळघरातल्या रांजणांत आंबायला ठेवायचा, शेजारी दिवा ठेवायचा. दिवा आपोआप विझला, की देव आत आला. मग दार लोटायचं, बाहेर बसून बासऱ्या वाजवायच्या, गाणी म्हणायची. देव जाईपर्यंत दार उघडायचं नाही. आज आपल्याला माहीत आहे – रस आंबताना जड वायू निघतो, तळाशी साचतो. त्यात दिवा विझतो, माणूसही. दार लावलं, की आणखी साचतो. त्यांना हे ठाऊक नव्हतं. आपल्या पाळकालाही नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

त्या हंगामात थेऑन नावाचा मळेकरी रांजण ढवळायला उतरला. दिवा विझला. देवाचा पुजारी लीकोस, त्यानं दार लोटलं.

“माझा नवरा आत आहे,” थेऑनची बायको निकासो म्हणाली.

“देवानं ठेवून घेतलाय. सोडेल. बस खाली, गा.”

ती बसली नाही. धावत पाळकाकडे गेली.

“आत कुणी देव नाही, असं सांगता ना तुम्ही?”

“नाहीच.”

“मग चला.”

आता बघा हं. पाळक उठला. बसला. झगा सारखा केला. पुन्हा उठला. दर रविवारी सांगायचा, तो देव खोटा. पण हंगामात त्या तळघराकडे कधी फिरकला नव्हता. लहानपणी आईनं त्याच दारापुढे नाक घासायला लावलं होतं. उपदेश तोंडात होता, भीती पोटात.

“मी प्रार्थना करतो,” तो म्हणाला.

“करा की. चालता चालता करा.”

दारापाशी बासऱ्या चालू होत्या. लीकोस हसला. “या नावाचा एक आत गेलाय, पाळकसाहेब. दुसरा मावायचा नाही.”

पाळकानं कमरेला दोर बांधला, टोक पुढे केलं. कुणी हात लावेना. देवाच्या तोंडचा घास कोण ओढणार? निकासोनं टोक मुठीला गुंडाळलं. त्यानं दार उघडलं, छातीभर श्वास घेतला आणि उतरला. आत कुणी नाही या खात्रीनं उतरला का? नाही, मंडळी. आत तो देव बसला असेल असं वाटत होतं, तरी उतरला.

खाली मिट्ट काळोख. हाताला रांजण लागला, मग केस लागले. त्यानं दोराचा वेढा थेऑनच्या काखेतून घेतला, त्याला पायरीपर्यंत ओढलं – आणि श्वास सुटला. तो तिथेच कोसळला. वर निकासो उंबऱ्यापर्यंत फरफटली.

“धरा ना कुणीतरी!”

बासऱ्या थांबल्या. लोक लीकोसकडे बघतात, लीकोस दाराकडे. दोर तिच्या मुठीतून सरकतोय. काय करेल पुजारी? ज्या रीतीवर त्याचा सगळा मान, ती आता हातानं मोडायची? त्यानं गळ्यातली वेलीची माळ काढली, खाली ठेवली, आणि दोर धरला. मग गावानं धरला.

दोघं वर आले. थेऑन खोकला, ओकला, पुन्हा खोकला. निकासोनं त्याला दोन शिव्या घातल्या आणि रडायला लागली. पाळक मातीत पालथा पडून धापा टाकत होता. लीकोस त्याच्या कानाशी वाकला.

“खरं सांग. आत कोण होतं?”

“थेऑन होता,” तो म्हणाला.

मंडळी, त्यांची गाणी वाईट नव्हती. माणूस आत पडला असताना ती बाहेर चालली होती, एवढंच. आपल्या वस्तीतही एक घर आहे. मी नाव घेत नाही; तुमच्या माना खाली गेल्यात, म्हणजे कळलंय. बाटली घेऊन एक माणूस दार लावून बसलाय. त्याची बायको गेल्या रविवारी इथे आली होती. आपण तिला काय सांगितलं? “प्रभूची इच्छा, बाई.” आणि पुढचं भजन सुरू केलं.

टाळ खाली ठेवा. शेवटचं भजन आज नाही. चपला घाला, मी पुढे होते.