स्मोक अलार्मची बॅटरी

डंडॉकहून डब्लिनला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्याच सीटवर दोघी मराठीत बोलत होत्या.

"अनुया, बऱ्याच दिवसांत तुझा नितेश दिसला नाही गं."

"बालीला आहे. समुद्राजवळच्या को-वर्किंगमध्ये महिन्याभरासाठी भाड्याने टेबल घेतलंय. तिथे झोपाळ्यावर बसून काम करतात म्हणे."

"ऑफिसला चालतं?"

"ऑफिसला कुठे माहितीये! त्यांना वाटतं, घरून करतोय. परवा मीटिंगमध्ये त्याच्या मागे पाल चुकचुकली."

"अगं बाई! मग?"

"इथे पाल कुणी ऐकलीय? मॅनेजर म्हणाला, तुझा स्मोक अलार्म टुकटुकतोय, बॅटरी संपत आलीय. आमच्या मागच्याच गल्लीत राहतो तो. संध्याकाळी बॅटरी घेऊन दारात हजर!"

"तू काय सांगितलंस?"

"नितेश आंघोळीला गेलाय म्हटलं. बिचारा खुर्चीवर चढला, बॅटरी बदलली, 'ग्रँड, आता नाही वाजणार' म्हणाला आणि गेला. हसू नकोस, रेवा."

"आणि हा तिकडे झोपाळ्यावर! फोन तरी करतो का?"

"रोज करतो. तुझी आठवण येते म्हणतो."

"तेव्हा चुकचुकते का गं पाल? आमच्याकडे म्हणतात, बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं."

"तेव्हा नाही चुकचुकली कधी."

"मग कधी?"

"काल. आणखी दोन महिने राहीन म्हणतो, असं म्हणाला ना, तेव्हा."