टर्नटेबलखालचा दगड

तुम्ही हसाल, पण मला अजून शरम वाटते. कामतघरला आमच्या लाकडी माळ्यावर मी रेकॉर्ड वाजवायचा भारीतला टर्नटेबल आणला, तर शेजारच्या कापडाच्या लूमच्या हादऱ्याने सुई उडायला लागली. लूमवाले सलीमभाई म्हणाले, "मास्तर, हलकी फळी ठेवा, खाली सायकलची फुगवलेली ट्यूब."

"छे! बूड जडच हवं," म्हणत मी धुण्याचा दगड वर चढवून टर्नटेबलखाली ठेवला.

तरी सुई उडतेच. चारचौघांत मी सलीमभाईंवरच चिडलो. बिचाऱ्यांनी चालू शिफ्टमध्ये सगळे लूम बंद केले. कारागीर गाणं ऐकायला दारात जमले.

सुई पुन्हा उडाली.

बायको म्हणाली, "अहो, आधी तुमचा ताल धरलेला पाय थांबवा!"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारागिरांना एवढंच म्हणाले, "चलो, लूम चालू करो."