मुलगा पोसत होता का

कामावर हात मोडलेला सुतार भरपाई कचेरीच्या बाकावर नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी एक सासू आणि तिची सून, दोघींत मिळून एकच फाइल. इकडे आड, तिकडे विहीर अशी दोघींची गत. कान मिटता येत नाहीत, म्हणून तो ऐकत राहिला.

“माझा मुलगा कारखान्यात अपघातात गेला तेव्हा इथले म्हणाले, फक्त बायकोला मिळेल. आता आईला कसं?”

“कायदा बदललाय, आई. मुलगा पोसत असेल तर आईलाही मिळतं.”

“अपघात आधीचा, कायदा नंतरचा. मग मी कशात बसते?”

“ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. पण अर्ज परत आला तो तुमच्यामुळे.”

“मी काय केलं? साहेबांनी विचारलं, मुलगा पोसायचा का. म्हटलं, मी शिवणावर पोट भरते, कुणाच्या जिवावर नाही.”

“दर महिन्याला धान्य यायचं, गुडघ्याची औषधं यायची. ते नाही सांगितलंत.”

“ते तू आणायचीस.”

“ह्यांनीच पाठवलेलं असायचं.”

“चार वर्षं तो माझ्याशी बोलत नव्हता.”

“बोलत नव्हते. पाठवायचे.”

“खरंच पाठवायचा?”

सून फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

“आत विचारलं तर हो म्हणा, आई.”

“आतलं राहू दे. मी विचारतेय.”

“आपला नंबर पुकारला. चला.”

सुताराने वाट द्यायला पाय आखडून घेतले. सासू उठली नाही.