टोपीतली बटणं

(पॅरिस, १८४८चा वसंत. राजा पळून गेलाय. मालकाशिवाय चालणाऱ्या शिंप्यांच्या कारखान्यात आन्सेल्म आणि त्याची बायको झेली. पुढ्यात रक्षकदलाच्या कोटांचा ढीग. थोड्या वेळात सभा.)

झेली : म्हणजे ठराव तूच मांडलास.

आन्सेल्म : कुणीतरी मांडणारच होतं.

झेली : मुकादम निवडताना बायकांच्या मताचं बटण टोपीत पडायचं नाही. आणि टोपी तुझीच.

आन्सेल्म : कायमचं नाही गं. आधी बायकांनी जरा शिकावं, सभेची सवय व्हावी...

झेली : हे कुठं ऐकलं मी? हां. जानेवारीत. इस्टेटवाले तुमच्या मतदानाच्या हक्काबद्दल हेच म्हणत होते. त्या दिवशी घरी येऊन तू वाइनची सुरई फोडलीस.

आन्सेल्म : ते वेगळं होतं.

झेली : सुरई माझ्या आईची होती.

आन्सेल्म : हळू बोल. मुकादम ब्रोशार पलीकडंच आहे.

झेली : ऐकू दे की. पितळी बटण टाकलं की ब्रोशार, हाडाचं टाकलं की ब्रोशार नको. तुम्ही सगळे पितळीच टाकणार. सेलेस्तचं बाळ रडलं म्हणून त्यानं तिला हाकललं, तेव्हा तू मान खाली घालून शिवत होतास.

आन्सेल्म : कापडावर त्याच्यासारखी कात्री कुणाची चालत नाही.

झेली : राजाही घोड्यावर छान बसायचा म्हणे.

आन्सेल्म : राजाला कुणी निवडलं नव्हतं. ह्याला आपण निवडतोय.

झेली : आपण कोण? माझं बाळ ऑगस्टात येईल. ते रडलं की मला दार कोण दाखवणार, ते तुम्ही ठरवताय. मी नाही.

आन्सेल्म : अगं, मालक घालवला आपण. आता कुठं बस्तान बसतंय, त्यात भांडणं नकोत.

झेली : मालक घालवलात, त्याची खुर्ची तेवढी पुसून ठेवलीत. त्या भिंतीवर 'समता' तू रंगवलंस. खाली शिडी मी धरली होती, आन्सेल्म.

आन्सेल्म : ...बरं. समज, उठून म्हणालो, ठराव मागं घेतो. बायकोनं सांगितलं म्हणून. सगळे हसतील.

झेली : फेब्रुवारीत बंदुकांपुढं उभा राहिलास.

आन्सेल्म : तिथं कुणी हसत नव्हतं.

झेली : दे ती टोपी इकडं.

आन्सेल्म : कशाला?

झेली : सभेला मी जाते. तू बस इथं. ह्या कोटाची काजं राहिलीत.