विचाराल तेवढंच

ओमारू गावातल्या बेकरीत माझ्यापुढे रांगेत दोन बायका उभ्या होत्या.

"मर्ल, आजच्या बोल्सच्या फायनलला तुझा नवरा क्लॅरीच मार्कर ना? नशीबवान आहेस गं!"

"कसलं नशीब, नोलीन?"

"असा मार्कर पंचक्रोशीत नाही. पांढऱ्या चेंडूपाशी खांबासारखा उभा राहतो. हिरवळीवर घरंगळत आलेला कुणाचा गोळा चेंडूच्या जास्त जवळ थांबलाय, ते खेळाडूने विचारलं तरच सांगतो. एक शब्द जास्त नाही."

"घरीही तेच. काल विचारलं, ग्लेनिसचा फोन आला होता का? म्हणाला, हो. बरी आहे ना पोरगी? हो. आणि आज सकाळी खाटीक माझं अभिनंदन करतोय, लेकीचं लग्न ठरलं म्हणून!"

"अगंबाई! क्लॅरी बोललाच नाही?"

"म्हणतो, तू विचारलं नाहीस."

"मुलगा कोण आहे?"

"ते विचारलं बाई. मेंढ्यांची लोकर कातरतो."

"आणि लग्न कधी?"

"अरे देवा."

"मर्ल?"

"माझा पाव तूच घे. मी मैदानावर चालले."

"अगं, सामना सुरू झाला असेल! आता तो खेळाडूंशिवाय कुणालाही उत्तर द्यायचा नाही."

"ठाऊक आहे. खेळाडूलाच विचारायला सांगते."